कोशात नसलेला शब्द

थोरली सात वर्षांची आणि धाकटी चार वर्षांची असताना त्या दोघींनी एक भाषा काढली. काढली म्हणजे वही-पेन्सिल घेऊन, ठरवून काढली असं नाही. त्यांचा बाप तराजू आणि काटे दुरुस्त करायचा. खाली दुकान, वर दोन खोल्या, मधे लाकडी जिना. मागच्या खोलीत एक लोखंडी खाट होती. बापाचा हात सुटला की पोरी सरपटत तिच्याखाली जायच्या. तिथे बोलायची सोय नव्हती, कारण जरा खुट्ट झालं की तो वाकून बघायचा. म्हणून शब्द छोटे हवेत, ओठ न हलवता म्हणता यायला हवेत, आणि चुकून त्याच्या कानावर गेलेच तर अर्थ लागता कामा नये. या गरजेतून भाषा झाली. खाटेखालची म्हणून तिचं नाव खाटाळी.

खाटाळीतला एकही शब्द हवेतून पडलेला नव्हता. आई घरी बसून पिशव्यांना चेन शिवायची आणि प्रत्येक चेन एकदा ओढून बघायची, झर्र. म्हणून आई म्हणजे झर्रू. जिन्याची तिसरी पायरी बापाच्याच वजनाने करकरायची, म्हणून बाप आला म्हणजे करका. तो गेला की धाकटी छातीतली हवा सोडायची, हुश्श, म्हणून कुणी निघून गेलं की नावाला हुश जोडायचं : करकाहुश. आवाज न करता रडणं म्हणजे लिंबट, कारण थोरलीने धाकटीला शिकवलं होतं की रडू आलं तर लिंबू चाटल्यासारखं तोंड कर, आवाज आपोआप आत राहतो. आईचा गाल भाजला तेव्हा तिने शेजारणीला मेणबत्तीचं मेण सांडलं असं सांगितलं होतं, म्हणून लोकांना सांगायची खोटी गोष्ट म्हणजे मेणक. आणि माराची मापं बापाच्याच दुकानातून उचलली होती. थप्पड म्हणजे पाव. बुक्के म्हणजे अर्धा. पट्टा निघाला की किलो. “आज अर्धा,” असं धाकटी कुजबुजायची, हवामान सांगावं तसं.

थोरली नऊची झाली आणि धाकटी सहाला टेकायची होती, त्या वर्षी बापाने दोन किलोचं वजन आईच्या कानशिलावर मारलं. एकदा नाही, तीनदा. खाटेखालून आईचे फक्त पाय दिसत होते, आणि ते आधी धडपडले आणि मग धडपडायचे थांबले. पोलिसांना बाप म्हणाला, जिन्यावरून पडली. थोरलीने फौजदारासमोर उभं राहून, एकही शब्द न अडखळता, जे झालं ते सांगितलं. बाप तुरुंगात गेला आणि तिथेच खपला. त्या दिवसाला मात्र खाटाळीत शब्द झाला नाही. दोघींपैकी कुणीच तो काढला नाही.

पोरींना मावशीने नेलं. मावशी आईची सख्खी मोठी बहीण. तिचा पुस्तकबांधणीचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं ते तिच्या तोंडून. प्रत्यक्षात एक लांब खोली, त्यात कापायचं मशीन, पुस्तकं दाबायचे दोन शिकंजे, खळीची पातेली आणि पुठ्ठ्यांच्या चळती. वर राहायच्या खोल्या. मावशीच्या जिभेला हाड नव्हतं आणि हाताला विसावा नव्हता. पोरी आल्या त्या दिवशी तिने त्यांना जवळ घेतलं नाही की डोळ्यांतून पाणी काढलं नाही. घडी घालायचं हाडाचं पातं दोघींच्या हातात दिलं आणि म्हणाली, बसा, कागद दुमडा, कागदाला कोपरा कळतो, माणसाला नाही कळत. थोरलीच्या हातात ते काम असं बसलं की बारा वर्षांची होईतो ती डोळे मिटून पुठ्ठ्यात दाभण घालायची आणि भोक जिथे हवं तिथेच पडायचं.

मावशीकडे खाटाळीची गरज राहिली नव्हती, तरी ती वाढली. आता तिच्यात खळीला शब्द आला, शाळेतल्या बाईंना आला, न आवडणाऱ्या गिऱ्हाइकाला आला. धाकटी शब्द पाडायची आणि विसरायची. थोरली टिपून ठेवायची : शब्द, अर्थ, आणि खाली तो कसा झाला त्याची हकिगत. विशीत पोचेपर्यंत तीनशे बारा शब्द झाले होते. मावशी म्हणायची, या दोघी मला शिव्या देतात की काय तेच कळत नाही, आणि कळत नाही तेच बरं आहे.

मग स्टेनो आला. तो कोर्टात लघुलेखक होता, आणि कोर्टाच्या जुन्या फायली बांधायला मावशीकडे यायच्या. किडकिडीत, लांबसडक बोटांचा, आवाज इतका मऊ की मशीन चालू असलं तर ते थांबवून ऐकावं लागायचं. समोरचा बोलत असला की तो मधे बोलायचा नाही. धाकटीला असा माणूस आयुष्यात भेटला नव्हता. चौथ्या महिन्यात तिने त्याला खाटाळी शिकवायला घेतली. थोरलीला हे कळलं ते जेवणाच्या टेबलावर. स्टेनोने भाजीचं भांडं पुढे सरकवत खाटाळीत, बिनचूक, एक सबंध वाक्य म्हटलं. मावशी हसली, धाकटी लाजली. आपल्या अंथरुणात कुणी परका झोपून गेल्यासारखं थोरलीला वाटलं. पण धाकटीचा चेहरा असा उजळला होता की ती गप्प बसली.

एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. लग्न ठरलं तेव्हा काय द्यावं हे तिला सुचेना, आणि मनातला तो आकस तिला स्वतःलाच खुपत होता. म्हणून तिने सगळा कोश स्वच्छ अक्षरात उतरवून काढला, हाताने शिवला, गडद निळ्या कापडात बांधला, आणि तो दोघांना मिळून दिला. मावशी म्हणाली, लोक लग्नात दागिने देतात, हिने शब्द दिले. स्टेनोने पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं आणि तिथेच उघडून वाचायला लागला. थोड्या वेळाने त्याने मान वर करून धाकटीला सांगितलं की हुश फक्त माणसांच्या नावाला लागतं, ती ते वस्तूंनाही लावते, ते चूक आहे. सगळे हसले. धाकटी सगळ्यांत जास्त.

सात महिन्यांनी धाकटी कारखान्यात आली ती गळ्याला रुमाल गुंडाळून. थोरली फर्मे, म्हणजे दुमडलेल्या कागदांचे गठ्ठे, शिवत होती. धाकटी शेजारी बसली, तिने दोन-चार कागद दुमडले आणि मान खाली ठेवूनच म्हणाली,

“काल तो अर्धा म्हणाला.”

थोरलीचा हात थांबला. “मारताना?”

“मारायच्या आधी. आधी माप सांगतो. मग तेवढंच मारतो. कमी नाही, जास्त नाही.”

थोरलीने विचारलं, कधीपासून. धाकटीने सांगितलं, दुसऱ्या महिन्यापासून. तो दिवसभर कोर्टात उलटतपासणी ऐकतो आणि घरी येऊन तिची घेतो. दुधाला इतका वेळ का लागला, वाटेत कोण भेटलं, काय बोललीस, मग आधी वेगळं का सांगितलंस. उत्तर बदललं की पाव. रडली की तो खाली बसून तिच्या तोंडाकडे बघतो आणि म्हणतो, लिंबट कर, लिंबट, तुला येतं. थोरलीने हे ऐकलं आणि तिला कळलं की तो हे सगळं कुठून शिकला. कोशात लिहिलं होतं. तिच्याच अक्षरात.

त्याच संध्याकाळी ती धाकटीच्या घरी गेली. तळमजल्यावरचं घर, रस्त्याला लागून. स्टेनोने दार उघडलं, तिचं सगळं बोलणं उंबऱ्यातच उभं राहून, मधे एकदाही न बोलता ऐकून घेतलं. तिने चौकटीवर हात टेकला होता. तिचं बोलून झालं तसं त्याने मान हलवली आणि दार लावून घेतलं, तिच्या बोटांवर. एकदा लागलं नाही म्हणून पुन्हा उघडलं आणि जोर देऊन लावलं. डाव्या हाताची दोन बोटं कडकन मोडली. दाराच्या फटीतून त्याचा मऊ आवाज आला : “ताई, काहीतरी मेणक सांगा लोकांना.”

तिने मेणक सांगितली नाही. ती बोटं कापडात गुंडाळून सरळ चौकीत गेली. पण पोलीस धाकटीला विचारायला घरी गेले तेव्हा नवरा शेजारी उभा होता आणि धाकटी म्हणाली, वाऱ्याने दार लागलं. तेवढ्यावर कागद मिटले. त्यानंतर धाकटीचं येणं बंद झालं. दर रविवारी सकाळी अकरा वाजता एक फोन तेवढा यायचा. फोन स्टेनोच्या हातात, स्पीकर चालू, आणि तो ऐकत बसलेला. खाटाळी बोलून उपयोग नव्हता. ती आता त्याला धाकटीपेक्षा चांगली येत होती.

असे पंधरा रविवार गेले. सोळाव्या रविवारी थोरली वरच्या खोलीत चादरी घडी करत होती आणि मावशी खाली शिकंज्याला तेल देत होती. अकराला फोन आला. मागे रेडिओ मोठ्याने लागला होता. धाकटीने नेहमीचं विचारलं, मावशीचे गुडघे कसे आहेत, काम किती आहे. मग ती तशाच आवाजात म्हणाली,

“ताई, आज इथे अगदी समुरसारखी हवा आहे. आठवतं ना, आपण लहानपणी समुरला होतो? तशीच.”

“समुर कुठे आलं?” मागून स्टेनोने विचारलं.

“मावशीच्या माहेराजवळ. लहानसं गाव आहे,” धाकटी म्हणाली.

“हो,” थोरली म्हणाली. “आठवतं. चांगलं आठवतं.”

फोन बंद झाला. थोरली हातात चादर घेऊन उभी राहिली. समुर नावाचं गाव नव्हतं. मावशीच्या माहेराजवळ काय, कुठेच नव्हतं. तीनशे बारा शब्दांत समुर नव्हता. धाकटीने तो आत्ता पाडला होता, त्याच्यासमोर, गावाचं नाव असल्याचं सोंग देऊन. आणि तो खाटाळीतला असेल तर तो कुठून तरी आलेला असणार. थोरलीने तो मनातल्या मनात उलगडला. स-मु-र. धाकटी लहानपणी जोडाक्षरं खायची. पत्र्याला परा म्हणायची, कुत्र्याला कुरा. समुद्र.

आणि मग तिला खाटेखालचा तो दिवस आठवला, ज्याच्याबद्दल त्या कधी बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी बाप चिडलेला नव्हता. त्याने शांतपणे खिडक्यांचे पडदे ओढले, बाह्या दुमडल्या आणि रेडिओ मोठा केला, इतका मोठा की खाट थरथरली. रेडिओवर बाई सांगत होती की समुद्र खवळलेला राहील, कुणी होड्या घालू नयेत. धाकटीने थोरलीच्या कानात विचारलं, “समुर म्हंजे काय?” आणि थोरलीने तिच्या तोंडावर हात दाबला. त्याच वेळी पहिला घाव पडला.

थोरली जिना उतरली तीन-तीन पायऱ्या टाकत. मावशीला एवढंच म्हणाली की तो आज तिला मारून टाकणार आहे, पोलिसांना फोन कर. कामाच्या टेबलावर दाभण होतं ते तिने उचललं आणि ती पळत सुटली. मावशी मागून काहीतरी ओरडली, ते तिला ऐकू आलं नाही.

पळत पंधरा मिनिटांची वाट. रविवारचे लोक सावकाश चालत होते, मुलं चाकं फिरवत होती, एक माणूस शिडीवर चढून पाटी रंगवत होता. त्या घराचे पडदे ओढलेले होते. रेडिओ रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. तिने दारावर थाप मारली. रेडिओ चालूच राहिला. दार भक्कम होतं, तिच्याच्याने फुटलं नसतं. धाप लागली होती, मोडून पुन्हा जुळलेली बोटं ठणकत होती. मग तिच्या लक्षात आलं की हे दार कशाने उघडेल. ती फटीशी तोंड नेऊन म्हणाली,

“समुरचा अर्थ सांगायला आले आहे. कोशात नाही तो.”

आत कुणीतरी चाललं. कडी निघाली.

स्टेनोने दार उघडलं तेव्हा त्याच्या एका हातात निळा कोश होता आणि दुसऱ्या हातात पेन्सिल. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, आणि उजव्या बाहीवर रक्ताचे शिंतोडे. त्याच्यामागे स्वयंपाकघराच्या जमिनीवर धाकटी कपाटाला टेकून बसली होती. तिचा जबडा एका बाजूला सरकलेला होता, तोंडातून रक्त गळून तिच्या अंगावरचे पांढरे कपडे लाल झाले होते. एक डोळा बंद होता. दुसऱ्याने ती बहिणीकडे बघत होती. फोन ठेवल्यापासून तो तिला एकच प्रश्न विचारत होता आणि तिने उत्तर दिलं नव्हतं. पुढे डॉक्टर म्हणाले की जबडा दोन जागी तुटला होता, चार दात गेले होते आणि तीन बरगड्या मोडल्या होत्या.

“सांगा,” स्टेनो म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. “तिला विचारून दमलो. व्युत्पत्तीसकट सांगा, मी लिहून घेतो.”

त्याने कोश डाव्या हातावर आडवा धरला, शेवटचं कोरं पान उघडलं आणि त्यावर उजवा हात टेकवला. त्याला खरोखर लिहून घ्यायचं होतं. थोरली एक पाऊल आत आली आणि तिने त्या हातात दाभण घातलं. इतकी वर्षं ती जसं पुठ्ठ्यात घालायची तसंच, मनगट न वळवता, खांद्याचा भार देऊन. दाभण त्याच्या पंजातून, कोऱ्या पानातून, मागच्या पुठ्ठ्यातून पार गेलं.

तो ओरडला नाही. त्याने हाताकडे पाहिलं, हाताला लटकलेल्या पुस्तकाकडे पाहिलं, आणि तो हात तसाच फिरवून पुस्तक तिच्या तोंडावर हाणलं. तिचं नाक फुटलं. डोळ्यांसमोर सगळं पांढरं झालं. ती भिंतीवर आदळून खाली बसली तोवर त्याने डाव्या हाताने टेबलावरची इस्त्री उचलली होती. पहिला घाव तिच्या खांद्यावर बसला आणि गळ्याचं हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःच्या कवटीत ऐकू आला. दुसरा तिने हातावर झेलला. मग त्याने तिच्या छातीवर गुडघा रोवला आणि इस्त्री वर उचलली. तेव्हासुद्धा त्याने आधी माप सांगितलं. “किलो,” तो म्हणाला.

थोरलीने त्याच्या दाभण अडकलेल्या हाताला लोंबणारं पुस्तक धरलं आणि सगळ्या ताकदीने ओढलं. आता तो ओरडला. इस्त्री त्याच्या हातून सुटून जमिनीवर पडली. ती धाकटीने उचलली. ती उभी कशी राहिली हे तिला नंतर कधीच सांगता आलं नाही. तिने ती त्याच्या कानावर मारली. तो एका कुशीवर कलला. तिने पुन्हा मारली. तो जमिनीवर आडवा झाला आणि ती त्याच्यावर वाकून पुन्हा मारत राहिली, तोंडातून शब्द नाही, नुसता घरघर आवाज, आणि तुटलेल्या जबड्यातून रक्ताच्या तारा लोंबत होत्या.

पोलिसांना फोन करून निघालेली मावशी दारात पोचली ती हातात ठोकायची हातोडी घेऊन, लालबुंद, धापा टाकत. सत्तरीची बाई पंधरा मिनिटांची वाट वीस मिनिटांत आली होती. तिने आत पाहिलं आणि हातोडी टाकून दिली. धाकटीला मागून कमरेत मिठी घालून तिने मागे ओढलं.

“पुरे, बाळा,” ती म्हणाली. “पुरे. मेला तर तू आत जाशील. त्याला जाऊ दे आत.”

मग तिने जाऊन रेडिओ बंद केला. घरात इतकी शांतता झाली की तिघींना एकमेकींचे श्वास ऐकू येत होते, आणि चौथा त्याचा.

स्टेनो जगला. उजवा कान बहिरा झाला आणि हाताची दोन बोटं मिटेनाशी झाली. त्याच्या वकिलाचं म्हणणं होतं की दोघी बहिणींनी मिळून त्याच्यावर हल्ला केला, आणि घरात शिरताना थोरलीच्या हातात हत्यार होतं हे तर कुणी नाकारत नव्हतं. हे प्रकरण वाकडं जायला वेळ लागला नसता. पण पोलिसांना त्याच्या टेबलाच्या खणात सात वह्या सापडल्या, सगळ्या लघुलिपीत. त्याने सगळं लिहून ठेवलं होतं. कोर्टाने दुसऱ्या गावाहून एक लघुलेखिका बोलावली, आणि ती भर न्यायालयात सपाट आवाजात वाचू लागली. चौदा तारीख, पाव, कारण खिडकीशी उभी होती. सतरा तारीख, अर्धा, कारण उत्तर बदललं. एकोणीस तारीख, लिंबट करायला लावलं, नीट जमलं नाही, पाव.

न्यायाधीशांनी विचारलं की पाव म्हणजे काय, कशाचा पाव. त्याचं उत्तर द्यायला थोरलीला उभं केलं. नाक वाकडं बसलेलं, खांदा पट्ट्यात. निळा कोश तिच्यासमोर ठेवला होता, मागच्या पुठ्ठ्याला भोक पडलेला. तिला एकेक शब्द सांगावा लागला, आणि कुणी मनचं म्हणू नये म्हणून तो कुठून आला तेही. जे शब्द कुणाला कळू नयेत म्हणून केले होते, ते आता वकील एकमेकांना उच्चारून दाखवत होते, मागच्या बाकावरचे लोक लिहून घेत होते. भर बाजारात अंगावरचं काढून द्यावं लागावं तसं तिला झालं.

मेणकपाशी तिची जरा गडबड झाली. ती म्हणाली की किलो आधी झाला आणि मेणक त्यानंतर. तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यातून मऊ आवाज आला.

“चूक. मेणक आधीचा आहे. किलो पट्ट्यानंतरचा, कोशात तशीच नोंद आहे. माझ्या वहीतसुद्धा मी कोशातलेच अर्थ धरले आहेत.”

न्यायाधीशांनी त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, म्हणजे वहीतल्या नोंदी याच अर्थाने केल्या आहेत का. तो म्हणाला, अर्थातच. त्याच्या वकिलाने कपाळाला हात लावला.

धाकटीला सरकारी वकिलाने एकच प्रश्न विचारला, समुर म्हणजे काय. तिच्या जबड्याची तार निघून जेमतेम दोन आठवडे झाले होते आणि बोलताना ओठाची एक कड ओढली जायची. ती म्हणाली, “आमच्या आईला मारलं तो दिवस.” स्टेनो पुढे वाकून ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर त्या क्षणी पश्चात्ताप नव्हता की भीतीही नव्हती, अडलेला शब्द सुटल्याचं समाधान होतं. थोरलीने ते पाहिलं आणि आतापर्यंत आली नव्हती एवढी किळस तिला आली. त्याला अकरा वर्षांची शिक्षा झाली.

खाटाळी त्या दोघी त्यानंतर बोलल्या नाहीत. तसं काही ठरवलं नाही. तोंडावर एखादा शब्द यायचा आणि वकिलाच्या आवाजात ऐकू यायचा, मग तो तसाच गिळला जायचा.

धाकटी मावशीकडे राहायला आली. पहिले चार महिने ती दाराचा आवाज झाला की उठून उभी राहायची. हळूहळू ती बाहेरच्या टेबलावर बसायला लागली, गिऱ्हाइकांची कामं लिहून घ्यायला, आणि मग बोलायला. इतकं बोलायला लागली की मावशी म्हणाली, तार काढायची घाई झाली वाटतं डॉक्टरांना.

एके सकाळी थोरली शिवणीला बसली होती आणि धाकटी शेजारी चहा घेऊन आली. घोट घेतला, आणि म्हणाली की तो सकाळी चहा करून द्यायचा, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत, आणि तिला अजून कधीकधी सकाळी त्याची आठवण येते. थोरलीच्या डोक्यात सणक गेली. समोरची खळीची वाटी उचलून भिंतीवर फोडावी असं तिला वाटलं. तिच्या खांद्याचं हाड थंडीत अजून दुखत होतं. ती उठली, बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिली, समोरच्या दुकानदाराने वर सरकवलेल्या शटरकडे बघत राहिली. मग आत आली आणि पुन्हा आपल्या जागेवर बसली.

“काय घालायचा तो चहात?” तिने विचारलं.

धाकटीने सांगायला सुरुवात केली. आधी चाचरत, मग जरा मोकळेपणी, मग रडत, चांगला आवाज करून. थोरली मधे बोलली नाही. तिने सुई ओवली, पुढचा फर्मा घेतला, आणि धाकटीचं सांगून होईपर्यंत शिवत राहिली.